पान सतरा

धुळ्याच्या जेलात मला बराक तीन मिळाली.
आधी नाव सांगितलं गेलं, मग जागा:
त्या भिंतीला उखर्डू असतो.
पाणी प्यायला उठलास तर त्याला ओलांडू नको.

उखर्डू झिपरू. बापाच्या नावासकट पेपरात छापलेला.
लळिंगच्या घाटात अंधार पडला की
ट्रकवाले हे नाव घेत नसत,
‘तो’ म्हणत.

मी पतसंस्थेचा कॅशियर.
आत येताना बरोबर चष्म्याची दोरी, पित्ताच्या गोळ्या
आणि एकच वाक्य:
‘मला चेअरमन साहेबांनी सांगितलं होतं.’

मे महिना. स्लॅब रात्रीसुद्धा तापलेला.
नव्याला जागा संडासाच्या दारात.
चौथ्या रात्री कुणीतरी पायानं माझा पाय हलवला.
‘आठे ये. भिंत थंडी शे.’
आणि तो वीतभर सरकला.

का, ते मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं, आठवड्यानं:
‘तू झोपमा आकडा बोलस.
बोलत ऱ्हाय. मले गमस.’

त्याच्या आधीची तीन गेली होती, सटवाईनं नेली.
म्हणून आईनं याला उकिरड्यावर ठेवला
आणि सुपभर कोंडा देऊन शेजारणीकडून परत विकत घेतला.
‘म्हणीसन मी मरस नही,’ तो म्हणाला,
‘दुसराच मरतस.’
हे विनोदानं म्हणाला की कसं, मला आजही ठरवता येत नाही.

त्याला वाचता येत नव्हतं.
आरोपपत्र एकशे बारा पानांचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला सुतळी.
दुपारी लाईट गेली की मी वाचायचो
आणि तो नव्या जावयासारखा मांडी घालून ऐकायचा.

पान सतरा:
‘तसेच सदर आरोपीने राखणीचा कुत्रा जिवे मारला.’

‘थांब.
कुत्राले मी मारेल नही.’

आणि बाकी?

‘बाकी बरोबर शे.
कुत्राले मी भाकर टाकेल व्हती. तो खाई ऱ्हायंता.
लिख तठे.’

अठरा वर्षं मी आकडे दुरुस्त करत आलो.
तीनाचा आठ कसा करतात,
ब्लेडनं कागद किती खरवडला
तर उजेडात धरूनही ऑडिटरला दिसत नाही,
हे मी झोपेतही करू शकलो असतो. करतही असेन.
समासात पेन्सिलीनं लिहिलं: कुत्रा नाही.
दोन शब्द. दोनदा टोक मोडलं.

पान एकोणीसवर मेलेल्यांची नावं होती.
दुसरा शालिग्राम, क्लीनर, वय एकोणीस, राहणार बोरकुंड.
मी मोठ्यानं वाचलं.
उखर्डूनं बिडी फरशीवर दाबली
आणि काहीच दुरुस्त केलं नाही.

बऱ्याच वेळानं म्हणाला, ‘आते तुन्हं वाच.’

माझं पातळ. उशीच्या अभ्य्रात चार घड्या घालून ठेवलेलं.
ठेवीदारांची यादी, अनुक्रमांक एकतीस:
भिकूबाई, शेवयांची मशीन, अडतीस हजार दोनशे.
सोमवारचा बाजार उठला की ती यायची.
तिच्या पासबुकाला पीठ असायचं,
मी ते फुंकून मग शिक्का मारायचो.

‘तठे काही चुकेल शे का?’ उखर्डूनं विचारलं.

तोंडात साहेबांचं नाव शोधलं.
रोज असायचं तिथं, जिभेखाली.
घरी मी पोरांना ही बोली बोलू देत नसे,
अहिराणी बोललं की जेवण बंद.

‘नही,’ मी म्हणालो. ‘काहीच चुकेल नही.’

त्यानं तंबाखूची पुडी पुढं सरकवली.
मी खात नाही.
खाल्ली, आणि असा खोकलो की चष्मा मांडीत पडला,
आणि उखर्डू हसला, मोठ्यानं, भिंतीवर हात आपटत,
तेव्हा पलीकडच्या बराकीतून कुणीतरी भीत भीत विचारलं,
काय झालं.